गोदाम नाशिकला टाकायचं की मालेगावच्या वाटेवर? डिस्ट्रिब्युशन सेंटरची जागा ठरते तरी कशी

समजा एका कंपनीला नाशिक, मालेगाव, धुळे आणि जळगाव या चार शहरांत माल पोहोचवायचा आहे. गोदाम मात्र एकच परवडतंय. ते टाकायचं कुठं?

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "मधोमध टाका." तोट्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते.

आधी जागा कोण ठरवायचं? तर कर

मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची. म्हणून माल मुंबईच्या वेशीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा हिशोब होता. भिवंडी तालुक्यातल्या गावांमध्ये गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, पण स्वतःच्याच गोदामात हलवला तर लागायचा नाही. त्यामुळे कंपन्या गरज नसतानाही राज्याराज्यांत गोदामं ठेवायच्या.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला. मुंबईची जकात संपली आणि केंद्रीय विक्रीकराचं गणितही मोडलं. आता गोदामाची जागा ठरवताना पहिला प्रश्न उरतो तो एकच, गिऱ्हाईक कुठं आहे?

गणित कसं मांडतात?

प्रत्येक ठिकाणची मागणी आणि तिथलं अंतर, या दोन गोष्टी लागतात. मागणीचा आकडा नसेल तर सुरुवातीला लोकसंख्या धरतात. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे 14.9 लाख, मालेगाव 4.8 लाख, धुळे 3.8 लाख आणि जळगाव 4.6 लाख.

दर 10 हजार लोकांमागे रोज टेम्पोची एक फेरी धरली, तर हिशोब असा होतो (अंतरं ढोबळ आहेत):

- नाशिक : 149 फेऱ्या, 0 किमी
- मालेगाव : 48 फेऱ्या, 105 किमी
- धुळे : 38 फेऱ्या, 155 किमी
- जळगाव : 46 फेऱ्या, 250 किमी

फेऱ्या आणि अंतर यांचा गुणाकार करून बेरीज करायची आणि तिला एकूण फेऱ्यांनी म्हणजे 281 ने भागायचं. उत्तर येतं नाशिकपासून 80 किमी, म्हणजे चांदवडच्या पुढे, उमराण्याच्या आसपास. याला गुरुत्वमध्य पद्धत म्हणतात.

मग गोदाम उमराण्यालाच का नाही?

कारण एकूण अंतर तपासलं की चित्र उलटतं. शहरातल्या शहरात फिरायचं अंतर दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते सोडून देऊ.

- गोदाम नाशिकला : रोज एका बाजूचे 22,430 किमी
- गोदाम 80 किमीवर : रोज एका बाजूचे 23,790 किमी

म्हणजे "मधोमध" जागा रोज 1,360 किमी जास्त पळवते, आणि परतीचं धरलं तर दुप्पट. गोदाम नाशिकपासून एक किलोमीटर पुढे सरकवलं की नाशिकच्या 149 फेऱ्या एक-एक किलोमीटरने वाढतात आणि बाकीच्या 132 तेवढ्याच कमी होतात. प्रत्येक किलोमीटरला 17 किमीचा घाटा.

म्हणून एकाच रस्त्यावरच्या शहरांसाठी साधा नियम आहे. एका टोकापासून फेऱ्या मोजत जायचं आणि निम्मा आकडा जिथे ओलांडला जातो तिथे थांबायचं. इथे एकट्या नाशिकचीच मागणी निम्म्याहून जास्त आहे.

माणसं नाही, गिऱ्हाईक मोजायचं

हेच गणित ठिबकचे पाइप विकणाऱ्याला लावा. त्याचं गिऱ्हाईक शेतकरी, त्यामुळे शहराची लोकसंख्या त्याच्या कामाची नाही. समजा त्याच्या फेऱ्या नाशिककडे 40, मालेगावकडे 48, धुळ्याकडे 38 आणि जळगावकडे 46 आहेत. एकूण 172, निम्म्या 86. नाशिक आणि मालेगाव मिळून 88 होतात. त्याचं गोदाम मालेगावला बसतं. रस्ता तोच, शहरं तीच, पण जागा बदलली.

आकड्यांच्या पलीकडचं

माल येतो कुठून : तो भिवंडीकडून येत असेल आणि गोदाम चांदवडच्या पुढे असेल, तर नाशिकचा माल आधी नाशिक ओलांडून जाणार आणि परत येणार. पण भरलेल्या मोठ्या ट्रकला किलोमागे खर्च कमी पडतो आणि छोट्या टेम्पोला जास्त. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या जवळ जाणं काही वेळा परवडतंही.

वेळ : 250 किमीवरच्या जळगावला "आज ऑर्डर, आज डिलिव्हरी" हवी असेल, तर तिथे वेगळं छोटं गोदाम लागेल.

शहराची कोणती बाजू : मुंबईकडून येणाऱ्या ट्रकला विल्होळी सोपं, मालेगाव-धुळ्याकडे निघणाऱ्या गाडीला आडगाव. चुकीची बाजू निवडली तर रोज अख्खं शहर पार करावं लागतं.

नवे रस्ते : 701 किमीचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे या शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. अशा वेळी किलोमीटरपेक्षा तास मोजणं जास्त खरं ठरतं.

तात्पुरती मागणी : 2027 च्या सिंहस्थात नाशिकची मागणी फुगेल आणि नंतर ओसरेल. अशा गर्दीसाठी काही महिने जागा भाड्याने घेतात. कायमचं गोदाम बाराही महिन्यांच्या मागणीवर ठरवतात.

नकाशावरचा मध्य शोधायला पट्टी पुरते. धंद्याचा मध्य शोधायचा तर मागच्या वर्षभराची बिलं काढून, कुठल्या गावाला किती माल गेला ते मोजावं लागतं.