पटनीतून इन्फोसिस, इन्फोसिसमधून पुढे

नारायण मूर्ती पटनी कॉम्प्युटर सिस्टीम्समध्ये सॉफ्टवेअर विभाग सांभाळत होते, तेव्हा मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये बाहेर पडलेल्या नंदन निलेकणींची नोकरीसाठी मुलाखत त्यांनीच घेतली. जुलै १९८१ मध्ये मूर्ती, निलेकणी, राघवन, गोपालकृष्णन, शिबुलाल, दिनेश आणि अरोरा या पटनीतल्या सात सहकाऱ्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधा मूर्तींनी बाजूला टाकलेले. खरी पुंजी वेगळीच होती: कोणाचं काम कसं आहे, हे प्रत्येकाला आधीच ठाऊक होतं.

१९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला गेली. १९८९ मध्ये अरोरा बाहेर पडले. पुढच्याच वर्षी कंपनी विकून टाकावी, असा विचार जोर धरू लागला. तेव्हा मूर्तींनी बाकीच्यांचे हिस्से आपण घेतो म्हणून सांगितलं आणि विषय तिथेच संपला. १९९३ मध्ये समभाग बाजारात आले, १९९९ मध्ये नॅस्डॅकवर. मूर्तींनंतर २०१४ पर्यंत निलेकणी, गोपालकृष्णन, शिबुलाल असे संस्थापकच पाळीपाळीने प्रमुख झाले.

अमेरिकेत पेपाल ही कंपनी सोडलेल्यांनी यूट्यूब, लिंक्डइन उभ्या केल्या. इथे इन्फोसिसमधून निघालेल्यांच्या वाटा जास्त फाकल्या. निलेकणी २००९ मध्ये आधारच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी नंदुरबारच्या टेंभलीत पहिली आधार कार्डं दिली गेली. इन्फोसिसमध्ये विक्रीची बाजू सांभाळलेले फणीश मूर्ती आयगेट या कंपनीचे प्रमुख झाले आणि २०११ मध्ये आयगेटने थेट पटनीच विकत घेतली. गोपालकृष्णन आणि शिबुलाल यांनी २०१४ मध्ये नव्या उद्योजकांना पाठबळ देणारी अ‍ॅक्सिलॉर व्हेंचर्स सुरू करण्यात भाग घेतला.

या साखळीत ओळखीला मोल आहे, पण ती ओळख एकत्र केलेल्या कामातून आलेली आहे. तिची दुसरी बाजूही आहे: जो त्या कचेरीत कधी नव्हता, त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणी नसतं. हिंगोलीतून पदवी घेऊन पुण्याला निघालेल्या मुलामुलींनी म्हणून पहिल्या नोकरीत पगाराइतकंच हेही पाहावं, की शेजारच्या टेबलावर कोण बसतं आणि त्याच्याकडून काय शिकता येईल.