वाहिनीची वाटणी, प्रेक्षकांची पांगापांग

दूरचित्रवाणीच्या जगात एकाच संस्थेच्या अनेक वाहिन्या असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. दूरदर्शनची राष्ट्रीय वाहिनी वेगळी, क्रीडा वाहिनी वेगळी आणि मराठी प्रेक्षकांची सह्याद्री वेगळी. प्रेक्षकाला रिमोटचे बटण दाबण्यापलीकडे काही करावे लागत नाही. महाजालावरील व्हिडिओ वाहिनीचे तसे नाही. तेथे प्रेक्षक स्वतः नाव नोंदवून सभासद होतो, चित्रफितीखाली प्रतिक्रिया लिहितो, दुसऱ्याच्या प्रतिक्रियेला उत्तर देतो आणि हळूहळू एका मंडळीचा घटक बनतो. त्यामुळे अशा वाहिनीची वाटणी होते तेव्हा कार्यक्रमांबरोबर माणसांचीही वाटणी होत असते. एका वाहिनीच्या दोन किंवा चार वाहिन्या झाल्यावर प्रेक्षकाच्या पदरात काय पडते आणि त्याचे काय हरवते, याचा हा आढावा.

वाटणी का होते?

यूट्यूबची सुरुवात २००५ साली झाली. पहिल्या काही वर्षांत एक व्यक्ती किंवा एक मित्रमंडळ आणि त्यांची एक वाहिनी, असे साधे गणित होते. गाणे, विनोद, प्रवास, घरगुती गप्पा असे सारे काही एकाच ठिकाणी चढवले जाई. प्रेक्षकसंख्या वाढली तशी या खिचडीची अडचण जाणवू लागली. विज्ञानासाठी आलेल्याला संगणकीय खेळांच्या चित्रफिती नको असतात आणि खेळांसाठी आलेल्याला विज्ञान. नको असलेल्या चित्रफितीकडे प्रेक्षक पाठ फिरवतो, आणि कोणाला काय सुचवायचे हे ठरवणारी यूट्यूबची शिफारस यंत्रणा प्रेक्षकांच्या अशाच आवडीनिवडीवर चालते.

दुसरे कारण सूचनांचे. एखाद्या वाहिनीचे सभासद झाल्याने तिच्या प्रत्येक नव्या चित्रफितीची वर्दी मिळतेच असे नाही. घंटेच्या चिन्हावर ‘सर्व’ हा पर्याय निवडला नसेल, तर कोणती सूचना द्यायची हे यंत्रणा ठरवते. शिवाय एका वाहिनीकडून एका दिवसात जास्तीत जास्त तीन नव्या चित्रफितींची सूचना पाठवली जाते. रोज पाच-सहा चित्रफिती काढणाऱ्या मंडळींना ही मर्यादा साहजिकच अपुरी पडते.

तिसरे कारण कायद्याचे. मुलांच्या खासगी माहितीसंबंधीच्या अमेरिकी कायद्याचा भंग केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूबने १७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. जानेवारी २०२० पासून प्रत्येक चित्रफीत मुलांसाठी आहे की नाही हे निर्मात्याने जाहीर करणे बंधनकारक झाले. मुलांसाठी असलेल्या चित्रफितींखाली प्रतिक्रिया लिहिता येत नाहीत आणि प्रेक्षकाच्या आवडीनुसार बेतलेल्या जाहिरातीही दाखवल्या जात नाहीत. परिणामी, लहानांचे आणि मोठ्यांचे कार्यक्रम एका छताखाली ठेवणे निर्मात्यांना गैरसोयीचे झाले.

काय हलते, काय हलत नाही

वाटणीचा खरा अर्थ समजण्यासाठी तंत्राची एक बाजू ध्यानात घ्यावी लागते. यूट्यूबवर चढवलेली चित्रफीत एका वाहिनीवरून दुसऱ्या वाहिनीवर उचलून ठेवण्याची सोय सामान्य निर्मात्याला नाही. ती नव्या ठिकाणी पुन्हा चढवावी लागते. पुन्हा चढवली की तिचा पत्ता बदलतो, पाहिलेल्यांची संख्या शून्यापासून सुरू होते आणि जुन्या फितीखालच्या सर्व प्रतिक्रिया मागेच राहतात. सभासदही आपोआप नव्या वाहिनीत जात नाहीत. प्रत्येकाने तेथे जाऊन पुन्हा नाव नोंदवावे लागते.

नव्या वाहिनीला उत्पन्नासाठीही पुन्हा पात्र ठरावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नासाठी किमान १००० सभासद आणि आधीच्या बारा महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण अशी अट घातली. पुढे तिला काही पर्याय जोडले गेले. पण प्रत्येक वाहिनीचा हिशेब स्वतंत्र, हे तत्त्व कायम राहिले. मोठ्या निर्मात्याला हा उंबरठा किरकोळ वाटेल. छोट्या गटाला मात्र दुसरा संसार थाटण्याआधी विचार करावा लागतो.

प्रतिक्रियांचे मागे राहणे ही वरवर क्षुल्लक भासणारी बाब आहे. परंतु चाहत्यांच्या दृष्टीने त्या प्रतिक्रिया म्हणजे मंडळीचे दप्तर असते. कोणता विनोद कोठून सुरू झाला, कोणत्या चुकीवर कोण कसे हसले, कोणत्या प्रसंगी हजारो अनोळखी माणसांनी एकमेकांना धीर दिला, याची नोंद तेथेच असते.

घर आणि शाळा वेगळी ठेवणारे भाऊ

वाटणी यशस्वी कशी होते याचा उत्तम दाखला जॉन ग्रीन व हँक ग्रीन या अमेरिकी बंधूंचा. १ जानेवारी २००७ पासून या दोघांनी एकमेकांना काहीही लिहून न पाठवता वर्षभर फक्त चित्रफितींतून बोलायचे ठरवले. हा भावाभावांचा पत्रव्यवहार ‘व्लॉगब्रदर्स’ या वाहिनीवर साऱ्या जगासमोर चालला. त्याच वर्षी विमानतळावरील एका खेळयंत्रावरचे ‘एरो फायटर्स’ हे नाव जॉन यांनी चुकून ‘नर्ड फायटर्स’ असे वाचले आणि चाहत्यांनी तेच नाव स्वतःला घेतले. या समुदायाने २००७ च्या डिसेंबरमध्ये ‘प्रोजेक्ट फॉर ऑसम’ हा धर्मादाय उपक्रम सुरू केला, तर २०१० मध्ये या बंधूंनी लॉस एंजलिसला ‘व्हिडकॉन’ हे व्हिडिओ निर्मात्यांचे व चाहत्यांचे पहिले संमेलन भरवले.

२०११ मध्ये यूट्यूबने नव्या मूळ वाहिन्यांसाठी सुमारे १० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. तिच्या साहाय्याने ग्रीन बंधूंनी २०१२ च्या आरंभी ‘क्रॅश कोर्स’ आणि ‘सायशो’ या दोन शैक्षणिक वाहिन्या काढल्या. जागतिक इतिहास आणि जीवशास्त्र या दोन अभ्यासक्रमांनी क्रॅश कोर्सची सुरुवात झाली. हे धडे जुन्याच वाहिनीवर घालणे सहज शक्य होते. तसे झाले असते तर परीक्षेच्या आदल्या रात्री फ्रेंच राज्यक्रांती समजून घ्यायला आलेला विद्यार्थी दोन भावांच्या खासगी विनोदांत गोंधळला असता, आणि जुन्या चाहत्यांच्या बैठकीला वर्गाचे स्वरूप आले असते. शाळा वेगळी काढल्यामुळे घर घरच राहिले. व्लॉगब्रदर्सवरील भावाभावांचे बोलणे चालू राहिले, हे या वाटणीचे मर्म होय.

ब्रिटनमध्ये काम करणारे पत्रकार ब्रेडी हॅरन यांची पद्धतही अशीच. नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांसह त्यांनी २००८ मध्ये मूलद्रव्यांवरील ‘पीरिऑडिक व्हिडिओज’, २००९ मध्ये भौतिकशास्त्रावरील ‘सिक्स्टी सिम्बॉल्स’, तर २०११ मध्ये गणितावरील ‘नंबरफाइल’ ही वाहिनी सुरू केली. पुढे संगणकशास्त्रासाठी ‘कॉम्प्युटरफाइल’ आली. प्रत्येक विषयाला आपला प्रेक्षक, आपले जाणकार आणि आपले वाद मिळाले. येथे कोणाची जुनी जागा मोडून नवी उभारली गेली नाही.

भाषेची वाटणी आणि पुन्हा एकत्रीकरण

भाषेनुसार होणारी वाटणी हा स्वतंत्र प्रकार आहे. म्यूनिक येथील ‘कुर्त्सगेझाग्ट’ या संस्थेची मुख्य वाहिनी इंग्रजीत असली तरी तिने जर्मन भाषेसाठी वेगळी आणि पुढे स्पॅनिशसाठीही वेगळी वाहिनी काढली. आपल्या भाषेत पाहणे आणि त्याच भाषेत त्यावर बोलणे, ही दोन्ही सुखे त्यामुळे प्रेक्षकाला मिळाली.

अमेरिकेतील जिमी डोनाल्डसन म्हणजेच ‘मिस्टरबीस्ट’ यांनीही आधी हाच मार्ग धरला. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आदी भाषांत ध्वनिमुद्रण करून त्यांनी स्वतंत्र वाहिन्या चालवल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूट्यूबने एकाच चित्रफितीला अनेक भाषांचे ध्वनिपट्टे जोडण्याची सोय जाहीर केली आणि डोनाल्डसन यांनी आपले सारे भाषिक प्रेक्षक मुख्य वाहिनीकडे वळवले. जून २०२४ मध्ये ही वाहिनी भारतातील ‘टी-सिरीज’ला मागे टाकून यूट्यूबवरील सर्वाधिक सभासदांची वाहिनी ठरली.

आकड्यांच्या हिशेबात हे एकत्रीकरण फायद्याचे दिसते. प्रेक्षकाला दोन वाहिन्यांत शोधाशोध करावी लागत नाही. मात्र एका चित्रफितीखाली दहा भाषांतील प्रतिक्रिया एकत्र येतात तेव्हा स्पॅनिश प्रेक्षकांची स्वतःची बैठक त्या गर्दीत विरून जाते. ऐकण्याची सोय झाली, पण आपसात बोलण्याची जागा गेली, असा हा सौदा आहे.

भारतातील चित्र

भारतात संगीत कंपन्यांनी वाटणीचा मार्ग फार लवकर अवलंबिला. टी-सिरीजने चित्रपटगीतांची मुख्य वाहिनी, भक्तिगीतांची ‘भक्ती सागर’ आणि प्रादेशिक भाषांच्या वाहिन्या अशी मांडणी केली. हरिहरन यांच्या आवाजातील हनुमान चालीसा २०११ मध्ये ‘भक्ती सागर’वर आली आणि पुढे ती तीन अब्जांहून अधिक वेळा पाहिली गेली. पहाटे देवघरात भ्रमणध्वनी लावणाऱ्या श्रोत्याची आणि नव्या चित्रपटगीतांच्या शोधात असलेल्या तरुणाची गरज मुळातच निराळी. त्यांची फारकत कोणाला खुपली नाही.

‘द व्हायरल फीव्हर’ या मंडळींनी २०१५ मध्ये स्त्रियांचे अनुभव केंद्रस्थानी ठेवणारी ‘गर्लियापा’ ही वेगळी वाहिनी काढली. मराठीत ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’ २०१६ मध्ये विनोदी मालिकांमुळे घरोघरी पोहोचली आणि माहितीपर विषयांसाठी तिने ‘विषय खोल’ ही भावंड वाहिनी उभी केली. तरुणांच्या तोंडी असलेल्या शब्दप्रयोगाचेच नाव दिल्यामुळे दोन्ही ठिकाणांमधले नाते प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागले नाही. मराठीसारख्या मर्यादित प्रेक्षकवर्गाच्या भाषेत हे महत्त्वाचे ठरते. कारण तेथे प्रत्येक नव्या वाहिनीला बहुधा त्याच प्रेक्षकांतून पुन्हा सभासद मिळवावे लागतात.

घर कोणाचे, नाव कोणाचे?

विषयाची किंवा भाषेची वाटणी समजुतीने होते. माणसेच वेगळी होतात तेव्हा मात्र प्रश्न बिकट होतो. अँथनी पडिला आणि इयन हेकॉक्स या मित्रांची ‘स्मॉश’ ही यूट्यूबवरील सर्वांत जुन्या विनोदी वाहिन्यांपैकी एक. २०११ मध्ये तिची मालकी एका कंपनीकडे गेली. २०१२ मध्ये खेळांसाठी ‘स्मॉश गेम्स’ आली. स्पॅनिश प्रेक्षकांसाठीही वेगळी वाहिनी होती. जून २०१७ मध्ये पडिला बाहेर पडले व त्यांनी स्वतःची वाहिनी सुरू केली. चाहत्यांपुढे पेच पडला: नाव आणि जुना ठेवा एका ठिकाणी, तर ते नाव घडवणाऱ्या दोघांपैकी एक जण दुसऱ्या ठिकाणी. नोव्हेंबर २०१८ मध्ये मालक कंपनी ‘डेफी मीडिया’ अचानक बंद पडली आणि वाहिनीचे भवितव्यच अधांतरी राहिले. २०१९ च्या प्रारंभी ‘मिथिकल’ या संस्थेने ती विकत घेतली. अखेर जून २०२३ मध्ये दोघा मित्रांनी मिळून बहुसंख्य मालकी परत मिळवली. कंपन्या आल्या आणि गेल्या, तरी वाहिनी तीच राहिली. म्हणूनच एवढ्या वर्षांनंतर परतलेल्या चाहत्याला जुना पत्ता सापडला.

‘ट्राय गाइज’ या चौघांच्या वाट्याला नेमके उलटे आले. २०१४ पासून ‘बझफीड’च्या वाहिनीवर गाजलेले हे चौघे २०१८ मध्ये स्वतंत्र झाले. गटाचे नाव त्यांना मिळाले, जुन्या चित्रफिती मात्र बझफीडकडेच राहिल्या. त्यांनी नवी वाहिनी उभारली आणि चाहते मोठ्या संख्येने त्यांच्यामागे गेले. पण पहिल्या चार वर्षांच्या आठवणी आजही दुसऱ्याच्या अंगणात आहेत. पुढे कधी ते अंगण बंद झाले तर त्या आठवणींवर ना चाहत्यांचा हक्क चालेल, ना त्या चौघांचा.

प्रेक्षकाच्या बाजूने

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. वाटणी प्रेक्षकांच्या खऱ्या वेगळेपणावर, म्हणजे वय, भाषा, विषय, गरज यांवर आधारलेली असेल आणि मूळ बैठक शाबूत असेल, तर प्रेक्षकाला निवड मिळते व चाहत्यांचा समुदाय टिकतो. केवळ सूचनांच्या किंवा जाहिरातींच्या सोयीसाठी एकाच स्वरूपाचे कार्यक्रम चार ठिकाणी विखुरले, तर निष्ठावान चाहता चारही ठिकाणी धावतो आणि सामान्य प्रेक्षक एकेका ठिकाणाहून गळत जातो. तो तक्रार करत नाही, निरोपही घेत नाही. नवी वाहिनी शोधायची राहून जाते, एवढेच.

म्हणूनच जाणते निर्माते काही पथ्ये पाळतात. नवी वाहिनी कशासाठी आहे हे जुन्या वाहिनीवर स्पष्ट सांगायचे, काही काळ दोन्हीकडे वावर ठेवायचा, जुन्या चित्रफिती काढून टाकायच्या नाहीत आणि स्वतंत्र वाहिनीऐवजी नुसत्या संचाने काम भागत असेल तर त्यावरच समाधान मानायचे. यूट्यूबवर विषयवार संच लावण्याची सोय आरंभीच्या काळापासून आहे आणि त्यात सभासदाला पुन्हा नाव नोंदवावे लागत नाही.

एकत्र कुटुंबाची वाटणी होताना भांडी मोजली जातात, जमीन मोजली जाते. ओसरीवरच्या गप्पा कोणाच्या वाट्याला घालायच्या, हे कागदावर येत नाही. व्हिडिओ वाहिन्यांचेही तसेच आहे. सभासदांचे आकडे विभागता येतात, उत्पन्न विभागता येते. वर्षानुवर्षे एका फितीखाली जमलेली अनोळखी माणसांची ओळख मात्र विभागता येत नाही. ती एक तर राखावी लागते, नाही तर गमवावी लागते.