कारळ्याची काळी चटणी आणि लोंढ्याचा पाऊस

मंडळी, लोंढ्याच्या आठवणींत रेल्वे कॉलनी झाली, स्टेशनवरचा चहा झाला, जत्रा झाली. आज जरा डब्याबद्दल लिहितो.

परवा सुनेनं चियाचं पाकीट आणलं. दह्यात चमचाभर घालायचं, पोट भरल्यासारखं वाटतं म्हणे. मेक्सिकोकडचं हे बी आता आपल्या म्हैसूर भागातही पिकतं. मी मुकाट्यानं खाल्लं. पण मनात आली ती आईची कारळ्याची चटणी.

बाबा रेल्वेत. लोंढ्याहून एक फाटा कॅसलरॉककडे आणि पुढं घाट उतरून गोव्याला जातो. मुरगावपर्यंतची ती लाईन १८८८ ची, तेव्हा मीटरगेज. घाटातल्या मालगाडीची ड्यूटी सुरू कधी होणार ते ठाऊक, संपणार कधी ते देवाला ठाऊक. म्हणून डबा असा लागायचा की जो विटणार नाही आणि भूक धरून ठेवेल. दोन जोंधळ्याच्या भाकऱ्या, कांदा आणि चटणी. कधी कारळ्याची, कधी जवसाची, कधी शेंगदाण्याची. पावसाळ्यात तर आठ-आठ दिवस बाजारात धड भाजी नसायची. तेव्हा घरातही हेच, भातावर सुद्धा.

आपल्या भागात हे बी नवं नव्हतंच. खानापूर तालुक्याच्या डोंगरउतारावर नाचणीबरोबर कारळे पिकायचे. हलकी जमीन, खत नाही, पाणी नाही, तरी पिवळी फुलं डोलायची. कानडीत त्याला गुरेळ्ळू म्हणतात आणि त्यातला एळ्ळू म्हणजे तीळ. मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येला पूर्वेकडची शेतकरी घरं तीळ लावलेल्या भाकऱ्या घेऊन रानात जेवायला जातात. आपल्याकडं भोगीला तेच. बाळंतिणीला अळिवाचे लाडू. सण, सुतक, बाळंतपण, बी कुठं ना कुठं असायचंच.

जवसाची गोष्ट वेगळी. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातलं जवस जहाजं भरभरून विलायतेला जायचं. खायला नव्हे, रंग, वार्निश आणि जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमसाठी. आपल्या बायका तेच बी भाजून लसणाबरोबर कुटत होत्या. आणि भुकेचं म्हणाल तर १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सरकारी कामावरच्या मजुराची मजुरी साहेबानं दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली होती. मद्रासच्या डॉक्टर कॉर्निशनं तेव्हाच ओरड केली की एवढ्यावर राबणारा माणूस टिकत नाही, डाळीसारखं काही हवं. आईला ते कुणी सांगायला नको होतं. कोरडी भाकरी ती कधी वाढायची नाही.

आता माझा गुन्हा. शिकायला बेळगावात हॉस्टेलवर होतो. आई दर खेपेला बरणी पाठवायची. खोलीतली पोरं म्हणायची, "रेल्वेवाल्याच्या पोराचा कोळसा आला रे." मला लाज वाटली. सुट्टीत घरी आलो आणि आईला सांगितलं, ही काळी चटणी पाठवू नको, लोणचं दे. ती काही बोलली नाही. पाठवायचं बंद झालं. पुढं पगार आला, डब्यातलं रिफाइंड तेल आलं, बेकरीची बिस्किटं आली. घरातूनही कारळे गेले.

वीस-बावीस वर्षांनी आईला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, औषधं चालूच राहतील, पण जेवणात रोज एक-दोन चमचे जवस घाला. मी पाकीट आणलं आणि अख्खे दाणेच तिच्या ताकात टाकले. तिनं वाटी बाजूला सारली. "आता इकत आणलास व्हय? आणि असं कच्चं कोण खातंय?" उठली, लोखंडी कढईत मंद आचेवर भाजलं, तडतड थांबल्यावर उतरवलं, मग कुटलं. बरोबरच होतं तिचं. अख्खा दाणा बराचसा तसाच पोटातून निघून जातो. कुटला की त्यातला चिकट पदार्थ पाण्यात फुगतो, जेवण सावकाश पचतं, भूक लवकर लागत नाही. मात्र वरून पाणी भरपूर प्यायला पाहिजे. ब्याडगी मिरची, लसूण, चिंचेचं बुटुक, मीठ. हात थरथरत होता, पण अंदाज चुकला नाही. मी शेजारी उभा होतो. हॉस्टेलची गोष्ट दोघांनाही आठवत होती, काढली कुणीच नाही.

आता कारळ्याचं एक मजेशीर सांगतो. आपल्या देशातले कारळे अमेरिकेला जातात, पक्ष्यांना घालायला! तिथल्या पिवळ्या चिमण्यांना ते फार आवडतात. मालाबरोबर अमरवेलीसारखं तण जाऊन तिथं रुजू नये म्हणून ते गरम केल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणजे चिमण्यांनाही भाजूनच.

पुतण्या तिकडं असतो. त्यानं शेजाऱ्याच्या अंगणात टांगलेल्या दाण्यांचा फोटो पाठवला, "काका, हे आपले कारळेच ना?" मी हो म्हटलं आणि खानापूरच्या बाजारातून पाव किलो आणले. पहिला घाणा करपला. दुसरा जमला. त्यातली एक बरणी येत्या महिन्यात जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर त्याला पाठवतोय.