वऱ्हाडच्या काळ्या पाषाणाखाली तेल आहे काय? एका मोजणीचा इतिहास

१/ अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी आहे. वऱ्हाडात सर्वत्र दिसणारा काळा बेसाल्ट येथे बाजूला सरतो आणि त्याखालचे गोंडवन व लमेटा काळातील गाळाचे खडक उघडे पडतात. या लमेटा थरांत डायनासोरचे अवशेष सापडले आहेत. वऱ्हाडच्या भूगर्भाची ही एक नैसर्गिक खिडकीच होय.

२/ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा पाषाण तयार झाला. तेल व वायू मात्र प्रामुख्याने गाळाच्या खडकांत जन्मतात आणि साठतात. म्हणूनच एक प्रश्न उभा राहिला : सालबर्डीला दिसणारा गाळ अकोला, अमरावतीच्या पाषाणाखालीही पसरला आहे काय? आणि असल्यास किती जाड?

३/ या प्रदेशाचा भूगर्भ जाणण्याचे पहिले साधन म्हणजे विहीर. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील खाऱ्या विहिरी लोकांना पूर्वापार ठाऊक होत्या. १८६९ मध्ये ए. बी. विन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पत्रिकेत पूर्णा खोऱ्यावर लेख लिहिला. परंतु या विहिरी नदीने आणलेल्या वरच्या गाळातल्या. हा गाळ पाषाणाच्या वर बसलेला, पाषाणाहून पुष्कळ तरुण. खालचा प्रश्न तसाच राहिला.

४/ दुसरे साधन म्हणजे कंपनलहरी. जमिनीत स्फोट घडवायचा, रांगेने मांडलेल्या यंत्रांवर लहरी किती वेळाने पोहोचल्या ते टिपायचे आणि त्या वेळेवरून थरांची खोली काढायची. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७२ पासून सोव्हिएत सहकार्याने भारतात असे खोल सर्वेक्षण सुरू केले.

५/ दख्खनमध्ये ही पद्धत अडखळते. बेसाल्टमधून लहर सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावते, खालच्या गाळात ती मंदावते. वेगवान थराखाली मंद थर असला की त्याच्या माथ्यावरून वळून येणारी लहर पृष्ठभागी परततच नाही. थर असतो, पण नोंदीत दिसत नाही. मग नोंदींतील खंड, उशिरा आलेल्या लहरी आणि दूरवरून परावर्तित झालेल्या लहरी यांवरून त्याचे अस्तित्व ताडावे लागते.

६/ या सर्वेक्षणाची एक रेषा उज्जैनहून नर्मदा व तापी ओलांडून महानपर्यंत आली, दुसरी थुआदरा–सेंधवा–सिंदाड अशी गेली. के. एल. कैला यांनी १९८८ मध्ये अशा नोंदींवरून पाषाणाची जाडी मांडली आणि नर्मदा-तापी प्रदेशात पाषाणाखाली मध्यजीव काळातील गाळाचे दडलेले खोरे असल्याचा निष्कर्ष काढला. वऱ्हाडची पूर्णा ही तापीचीच उपनदी. त्यामुळे या निष्कर्षाचे महत्त्व वऱ्हाडालाही होते.

७/ परंतु खोरे म्हणजे साठा नव्हे. साठ्याचे गणित असे : क्षेत्रफळ × तेलधारक थराची जाडी × सच्छिद्रता × छिद्रांतील तेलाचा वाटा. समजा, १ चौ. किमी क्षेत्र, १० मीटर जाडी, २० टक्के सच्छिद्रता आणि छिद्रांत ७० टक्के तेल. उत्तर येते १४ लाख घनमीटर. वर येताना विरघळलेला वायू निघून जातो व तेल थोडे आकसते. शिवाय बरेचसे तेल खडकातच अडकून राहते. ३० टक्केच हाती लागले, तर आकसणे सोडूनही उरतात ४ लाख २० हजार. सच्छिद्रता २० ऐवजी १० निघाली, की तेही निम्मे.

८/ यातील क्षेत्रफळ लहरी सांगतात. सच्छिद्रता आणि तेलाचा वाटा यांची खातरी विहीरच देते. बॉम्बे हाय हे याचे महाराष्ट्राजवळचे उदाहरण. ‘अकादेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरील सर्वेक्षणात १९६० च्या दशकात समुद्रतळाखालचा उंचवटा दिसला. तेथे तेल आहे हे मात्र ‘सागर सम्राट’ने खोदलेल्या विहिरीमुळे फेब्रुवारी १९७४ मध्ये कळले. उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले.

९/ विहीर स्वप्न मोडूही शकते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. पाषाण ३३८ मीटरवर संपला. त्याखाली गाळ अवघा ८ मीटर, आणि लगेच प्राचीन आधारखडक. म्हणजे पाषाणाखाली सगळीकडे जाड गाळ आहे, असे गृहीत धरता येत नाही.

१०/ म्हणून ‘वऱ्हाडात तेलाचा साठा’ असे कोणी आकड्यासह सांगितले, तर एकच प्रश्न विचारावा : विहीर कुठे खोदली आणि तिच्यात काय लागले? लहरींनी दाखवलेले खोरे ही शक्यता आहे. त्यात तेल जन्मले काय, लाव्हाच्या उष्णतेतून ते टिकले काय, वरच्या भेगाळ पाषाणाने ते धरून ठेवले काय, हे तीन प्रश्न त्यानंतरचे. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत समीकरणातील दोन जागा रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या जागांचा गुणाकार होत नाही.