शंकरपटाला मान्यता हवी, पण कोणत्या नावाने?

संशोधनाची तयारी करणारे माझे ज्युनिअर अधूनमधून विचारतात, "ताई, शंकरपटाला खेळ म्हणून शासनाची मान्यता मिळायला हवी का?" भंडाऱ्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. धान निघालं की इकडे दिवसा पट असतो आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. पण उत्तराआधी प्रश्नच तपासू या. मान्यता म्हणजे नेमकं काय?

आधी कबड्डी बघा. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ आला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचा दर्जा मिळाला. म्हणजे कबड्डी 'क्रीडा' या दारातून आत गेली. त्याची किंमत होती सगळीकडे एकच नियम. हुतूतू, चेडुगुडु ही गावोगावची रूपं मागे पडली.

शंकरपटाचा रस्ता वेगळा. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडी शर्यती बंद केल्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट दिली, तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

आता या दुरुस्तीतली व्याख्या वाचा. बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावं एकत्र आहेत. परंपरा पाळण्यासाठी, ज्या जिल्ह्यात ती परंपरेने होते तिथे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने, अशी तिची चौकट आहे. म्हणजे पट 'परंपरा' या दारातून आत आला. इथेच आपला विषय सुरू होतो. परंपरेच्या नावाने मान्यता घेतली, तर इतिहास हाच पुरावा ठरतो. आणि आपल्याकडे तो लिहिलेला किती आहे? बराचसा म्हाताऱ्या धुरकऱ्यांच्या तोंडी आहे.

बंदीच्या काळात आमचे आबाजी म्हणायचे, "पट नाही तं बैल काऊन ठेवाचा?" मी विज्ञान शाखेची, मला ते तेव्हा नुसतं भावनिक वाटलं. आता कळतं की ती एक नोंद होती. नांगरणी-चिखलणी ट्रॅक्टरकडे गेल्यावर चांगली जोडी सांभाळायला पट हे एक मोठं कारण उरलं होतं. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. एकाच गोठ्यातली साक्ष म्हणजे अख्खा जिल्हा नव्हे. शिवाय २०१४ च्या निकालातला मुद्दा आपल्याला गैरसोयीचा आहे म्हणून वगळायचा नाही. बैल वेदनेने पळतो की सवयीने, हा प्रश्न खराच आहे. २०२३ च्या निकालाने क्रूरतेला सूट दिलेली नाही. कायद्यातल्या बदलांनी आणि नियमांनी त्रास बराच कमी होतो, हे मान्य केलं. नियम मोडले तर त्या मान्यतेचा पायाच निघाला.

मग क्रीडा खात्याची मान्यता मागायची का? माझं मत, नको. शासकीय नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण खेळाडूला मिळतं. इथे पळतो बैल, मग प्रमाणपत्र कुणाला? आणि एकच नियम आला की पुण्याकडचा गाड्यापुढे घोडी पळवणारा घाट आणि आपला सपाट शेतातला पट एकाच साच्यात बसवावे लागतील. आपली धाव मोठी करायच्या नादात आपलं नावच हरवायचं.

कायद्याची परवानगी मात्र हवीच आणि तिच्या अटी मनापासून पाळायला हव्यात. त्याहून आधी हवी ती नोंद. गावाचं नाव, पटाची तिथी, जोडीची जात, बंदीच्या वर्षांत विकलेले बैल. विषय शोधत असाल तर या हंगामात वही घेऊन पटावर जा. आणि आधी म्हाताऱ्या धुरकऱ्याजवळ बसा, निकालपत्र कधीही वाचता येईल.