लॉन बॉल्स म्हणजे काय? ज्या खेळाने भारताला गोल्ड मिळवून दिलं, तो नेमका खेळतात कसा?

2 ऑगस्ट 2022. बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ गेम्समध्ये भारताच्या चार महिलांनी गोल्ड मेडल जिंकलं आणि काही तासांत 'लॉन बॉल्स' ट्रेंडिंगला आलं. अनेकांनी या खेळाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खेळाडू वाकून हळूच एक चेंडू सोडतात, तो वळत वळत जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. पण पॉइंट कुणाला आणि कशाचा मिळाला, हेच कळत नाही.

नियम तसे सोपे आहेत. एकदा समजले की पुढची मॅच तुम्ही शेवटच्या चेंडूपर्यंत बघाल.

खेळाचं मूळ सूत्र काय?

लहानपणी गोट्या खेळला असाल, तर अर्धा खेळ तुम्हाला आधीच माहीत आहे. समोर एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू असतो, त्याला 'जॅक' म्हणतात. आपला मोठा चेंडू म्हणजे 'बाउल' जमिनीवरून घरंगळत न्यायचा आणि जॅकच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचा. बस्स, एवढंच!

हा खेळ साधारण 31 ते 40 मीटर लांबीच्या सपाट हिरवळीवर चालतो. तिला 'ग्रीन' म्हणतात. ग्रीनवर शेजारीशेजारी पट्टे आखलेले असतात, एका पट्ट्याला 'रिंक' म्हणतात. एका रिंकवर एक मॅच. ग्रीनच्या कडेने उथळ चर असतो.

मग अवघड काय आहे?

बाउल सरळ जातच नाही!

तो पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित वेगळ्या आकाराची असते, त्यामुळे तो जाताना एका बाजूला वळतो. याला 'बायस' म्हणतात. आत एका बाजूला वजन भरलेलं असतं असा अनेकांचा समज आहे. पूर्वी शिसं घालायचे, पण आताच्या बाउलमध्ये सगळी करामत आकाराची असते.

यातली गंमत अशी, की वेग कमी होत जातो तसा बाउल जास्त वळतो. म्हणजे खरं वळण शेवटच्या काही मीटरमध्ये दिसतं. म्हणून नेम जॅकवर नाही, तर जॅकच्या बराच बाजूला धरावा लागतो.

बाउलच्या दोन्ही बाजूंना चिन्हं असतात, एक लहान आणि एक मोठं. लहान चिन्ह ज्या बाजूला, तिकडे बाउल वळणार. उजव्या बाजूने टाकून तो डावीकडे वळवायचा असेल, तर लहान चिन्ह डावीकडे हवं. उलटा धरला, तर तो थेट शेजारच्या रिंककडे निघतो. नवशिक्यांची ही सगळ्यात कॉमन चूक.

पॉइंट कसे मोजतात?

1. एका खेळाडूने मॅट अंथरून जॅक घरंगळत सोडायचा. तो मॅटपासून किमान 23 मीटर लांब जायला हवा. मग तो रिंकच्या मधोमध आणून ठेवतात.

2. दोन्ही टीम आळीपाळीने बाउल टाकतात. बाउल सोडताना एक पाय मॅटवर किंवा मॅटच्या वर हवा.

3. सगळे बाउल टाकून झाले की एक 'एंड' संपतो. जॅकच्या सगळ्यात जवळ ज्या टीमचा बाउल असेल, पॉइंट फक्त त्याच टीमला. दुसऱ्या टीमला शून्य.

4. प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्यात जवळच्या बाउलपेक्षा तुमचे जितके बाउल जवळ, तितके पॉइंट.

उदाहरण बघा. तुमचे तीन बाउल जॅकपासून 10, 20 आणि 50 सेंटिमीटरवर आहेत. समोरच्याचा सगळ्यात जवळचा बाउल 30 सेंटिमीटरवर. तुम्हाला मिळाले 2 पॉइंट. पण समोरच्याने शेवटच्या बाउलने जॅकच ढकलून आपल्या बाउल्सकडे नेला, तर तुमचे दोन्ही पॉइंट गेले आणि त्याचं खातं उघडलं. एका चेंडूत मॅच फिरते ती अशी.

चरात पडलेला बाउल बाद होतो. पण जाताना त्याने जॅकला स्पर्श केला असेल, तर तो बाद होत नाही. अशा बाउलवर खडूने खूण करतात.

टीममध्ये कोण काय करतं?

सिंगल्स, पेअर्स, ट्रिपल्स आणि फोर्स असे चार प्रकार आहेत. सिंगल्समध्ये सहसा आधी 21 पॉइंट करणारा जिंकतो. फोर्समध्ये प्रत्येकाला दोन बाउल मिळतात. 'लीड' सुरुवात करतो, मग 'सेकंड' आणि 'थर्ड', आणि शेवटी कॅप्टन म्हणजे 'स्किप'. बाकीचे टाकत असताना स्किप जॅकजवळ उभा राहून कुठे टाकायचं ते सांगतो.

बर्मिंगहॅममध्ये काय झालं होतं?

भारत 2010 पासून कॉमनवेल्थमध्ये लॉन बॉल्स खेळत होता. सलग तीन स्पर्धा मेडलविना गेल्या. 2022 मध्ये लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी सेमीफायनलमध्ये न्यूझीलंडला 16-13 असं हरवलं. फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 8-2 अशी आघाडी होती, ती गेली आणि भारत 8-10 असा मागे पडला. तिथून टीमने 17-10 अशी मॅच काढली. या खेळातलं भारताचं हे पहिलं मेडल. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या फोर्स टीमने सिल्व्हर आणलं.

यातल्या कुणीही लहानपणी लॉन बॉल्सपटू व्हायचं ठरवलं नव्हतं. लव्हली धावपटू होत्या, नयनमोनी वेटलिफ्टर, रूपा राणी कबड्डीपटू. दुखापतीमुळे लव्हली आणि नयनमोनी यांचा पहिला खेळ सुटला होता. पुढे नयनमोनी आणि पिंकी यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला.

हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे का?

म्हाताऱ्यांचा'ही' आहे. बर्मिंगहॅममध्येच स्कॉटलंडच्या रोझमेरी लेंटन यांनी 72 व्या वर्षी पॅरा बॉल्समध्ये गोल्ड जिंकलं. दृष्टिबाधित खेळाडूला दिशा सांगणारे जॉर्ज मिलर तर 75 वर्षांचे होते, त्यांनाही गोल्ड मिळालं. ताकद कमी लागते, पण अंतराचा अंदाज, संयम आणि शांत हात लागतो. त्यात वयाचा अडसर येत नाही.

सुरुवात कशी करायची?

आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे ग्रीन फार कमी आहेत. बाउलचे नावाजलेले ब्रँडही ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनचे. त्यामुळे लगेच सेट विकत घेऊ नका. ग्रीन असलेला क्लब मिळाला, तर आधी तिथलेच बाउल वापरून बघा. हातात नीट मावेल असाच साइझ निवडा. शूज सपाट तळव्याचे हवेत, कारण हिरवळ खराब झाली की सगळ्यांचाच खेळ बिघडतो.

पहिल्या दिवशी दिशेपेक्षा अंतरावर लक्ष द्या. अंतर बरोबर आणि दिशा थोडी चुकली, तरी बाउल जॅकच्या आसपास राहतो. अंतरच चुकलं, तर तो अर्ध्यात थांबतो किंवा थेट चरात जातो.

आणि ग्रीन नाहीच सापडलं, तर ग्लासगोच्या 2026 च्या कॉमनवेल्थ गेम्समधल्या मॅचेस नक्की बघा. तिथल्या मोजक्या 10 खेळांमध्ये बॉल्सचा समावेश आहे.