स्थानिक म्हणजे कोण?

मंडळी, आमच्या मांडवीच्या बंदरातून एकेकाळी माणसं बोटीने मुंबईला जात आणि मागे घर मनीऑर्डरवर चाले. इथेच हाताला काम मिळावं, ही इच्छा तेव्हापासूनची.

१९५० मध्ये केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. आयटीआय त्यातल्याच. फिटर, टर्नर, वायरमन हे शब्द घरोघरी पोचले. मग १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. कारखान्यांनी मुलांना घ्यावं, शिकवावं, विद्यावेतन द्यावं. छान! पण त्यातलं २२ वं कलम वाचा. करारात अट नसेल, तर शिकून झालेल्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतरही भरतीचं धोरण मालकानेच ठरवायचं. मग मुलगा हातात सर्टिफिकेट घेऊन पुन्हा मुंबईलाच!

राज्य सरकारने २००८ च्या शासन निर्णयात उद्योगांमध्ये पर्यवेक्षकीय जागांवर ५० टक्के आणि इतर जागांवर ८० टक्के स्थानिक हवेत असं म्हटलं. आता स्थानिक कोण? तर महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला. म्हणजे लोट्याच्या कारखान्यात नागपूरचा मुलगाही स्थानिकच. (त्याच्याशी माझं भांडण नाही हो.)

कोकण रेल्वेचं त्यामानाने स्पष्ट होतं. महामंडळ १९९० चं, मार्ग पूर्ण सुरू झाला १९९८ मध्ये. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या घरच्यांना भरतीत प्राधान्य. पण रूळ गेले मांडवीपासून लांबून. समुद्रावर पोट असलेल्यांची जमीन त्यात जाणार कुठून?